पिकाचं नत्र, घागरीतलं नायट्रेट

वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. भूजलातल्या नायट्रेटनं सर्वाधिक ग्रासलेल्या पंधरा जिल्ह्यांची यादी केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात आहे आणि तिच्यातले हे सात जिल्हे महाराष्ट्रातले आहेत. बाडमेर, जोधपूर, भटिंडा, रंगारेड्डी, आदिलाबाद, सिद्दीपेट, विल्लुपुरम आणि पालनाडू हे उरलेले आठ जिल्हे पाच राज्यांत विखुरलेले आहेत. खानदेश, विदर्भ आणि मराठवाड्यातली गावं आजवर पाण्यासाठी ओरड करत आली ती टंचाईची. टँकर कधी येणार, कोणाची विहीर अधिग्रहित होणार, हेच तिथले उन्हाळ्यातले प्रश्न. आता जे पाणी आहे ते पिण्याजोगं आहे का, हा प्रश्नही त्याच गावांपुढे उभा आहे.

अहवालासाठी देशभरातून १५ हजार २३९ नमुने तपासले गेले. त्यांतल्या १९.८ टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर निघालं. राजस्थानात हे प्रमाण ४९ टक्के होतं, कर्नाटकात ४८, तमिळनाडूत ३७ आणि महाराष्ट्रात ३५.७४ टक्के. बाधित जिल्हे २०१७मध्ये ३५९ होते, ते २०२३मध्ये ४४० झाले.

हे आकडे वाचताना सावध राहायला हवं. एखाद्या जिल्ह्याचं नाव यादीत आलं म्हणजे सगळा जिल्हा दूषित, असं होत नाही. काही ठिकाणच्या विहिरींत मर्यादा ओलांडली गेली तरी तो जिल्हा बाधितांत मोजला जातो. शिवाय निरीक्षणाची प्रत्येक विहीर पिण्याच्या पाण्याचीच असते असंही नाही. तरीही एक गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ज्या ४,९८२ ठिकाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा पाणी तपासलं, तिथं मर्यादेबाहेरच्या नमुन्यांचं प्रमाण ३०.७७ टक्क्यांवरून ३२.६६ टक्क्यांवर गेलं. पावसानं विहिरी भरतात, पाणी पातळ होतं, तेव्हा दोष कमी व्हायला हवा असं कोणालाही वाटेल. नायट्रेटच्या बाबतीत अनेक ठिकाणी ते घडत नाही, कारण पाऊसच त्याला जमिनीतून खाली नेतो.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात आढळतं तेवढ्या प्रमाणात चवही नाही. क्षार वाढले तर डाळ शिजत नाही, फ्लोराइड जास्त असेल तर पोरांचे दात सांगतात, लोह असेल तर भांड्याला तांबूस थर बसतो. नायट्रेट असं काहीच मागे ठेवत नाही. गावातल्या पाण्याची काळजी घेणारी आपली सगळी व्यवस्था जंतूंच्या भीतीतून उभी राहिली आणि तिनं फार मोठं काम केलं. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, ओटी टेस्ट घेऊन क्लोरीन उतरलं का ते पाहतो, आरोग्य विभाग ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. पण टीसीएलनं नायट्रेट हलत नाही. कापडातून गाळून, तुरटी फिरवून किंवा मेणबत्तीच्या फिल्टरमधून काढूनही ते जात नाही. पाणी उकळलं तर वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळासाठी पाणी जास्त वेळ उकळणारी आई या एका बाबतीत नकळत उलटंच करून बसते, आणि हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

हे येतं कुठून? नत्राशिवाय पीक वाढत नाही. जमिनीत युरिया पडला की त्याचा आधी अमोनियम होतो आणि मग मातीतले सूक्ष्मजीव दोन टप्प्यांत अमोनियमचं नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असतो, चिकणमातीच्या कणांवर ऋण, म्हणून माती अमोनियमला धरून ठेवते. नायट्रेटवर मात्र ऋण भार असतो. त्याला धरायला मातीकडे काही नसतं. मुळांनी उचललं तेवढं पिकाचं, बाकीचं पाण्याबरोबर खाली. शेणखतातलं, मूत्रातलं आणि मैल्यातलं नत्रही अखेर याच वाटेनं जातं. सूक्ष्मजीवांना नत्र गोणीतून आलं की गोठ्यातून, याचा फरक पडत नाही.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. एक किलो नत्राचं सुमारे ४.४ किलो नायट्रेट होतं, तेव्हा एका गोणीतून ९० किलोंच्या आसपास नायट्रेट तयार होऊ शकतं. त्यातलं फक्त दहा टक्के पाझरलं, तर सुमारे दोन लाख लिटर स्वच्छ पाणी थेट ४५च्या मर्यादेला जाऊन टेकेल. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबानं हे एका माणसाचं दहा वर्षांचं पाणी झालं.

महाराष्ट्रात हे गणित अधिक कडक होतं ते खडकामुळे. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेही थोडं. झिजलेल्या बेसाल्टमधून मिळू शकणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या घरात धरतात. एका एकराखाली पाच मीटर जाडीचा भिजलेला थर आहे असं धरलं तरी त्यातलं पाणी भरतं जेमतेम चार लाख लिटर. एका गोणीतल्या नत्राचा दहावा हिस्सा त्यात उतरला तर नायट्रेट लिटरला २२ मिलिग्रॅमच्या पुढे जाईल; दोन गोण्यांच्या दहाव्या हिश्शानं मर्यादा गाठली जाईल. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात पाणी वाहत असतं, दर पावसाळ्यात नवं येतं, काही नत्र हवेतही उडून जातं. पण एवढ्याशा साठ्याला बिघडायला किती थोडं पुरतं, ते यातून कळतं. खोल, प्राणवायू नसलेल्या थरात काही जिवाणू नायट्रेटचं पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. आपल्या उथळ, हवेशीर विहिरींच्या पाण्यात या नैसर्गिक शुद्धीला फारसा वाव मिळत नाही.

आता शेतातला व्यवहार पाहा. कपाशीला युरियाचे डोस पडतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसात. पाऊस उघडला की खत टाकायचं, कारण ओल असल्याशिवाय उपयोग नाही. आणि त्यानंतर दोन दिवसांत धो धो कोसळला तर टाकलेलं मुळांच्या खाली गेलं. पीक पिवळं दिसू लागतं, शेतकरी पुन्हा गोणी फोडतो. दोन-तीन दिवसांत पिकाला काळोखी येते. डोळ्यांदेखत इतक्या लवकर दिसणारा आणि इतका स्वस्त दुसरा उपाय त्याच्याकडे नसतो. जळगावच्या केळीला खोडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. पाच बाय पाच फुटांवर एकरी सतराशेहून जास्त खोडं बसतात, म्हणजे शिफारस तंतोतंत पाळली तरी एकरी सुमारे ३५० किलो नत्र, युरियात मोजायचं तर सतरा गोण्यांच्या घरात. ठिबकमधून थोडं थोडं दिलं तर त्यातलं बरंचसं केळी उचलते. पाटाच्या पाण्याबरोबर एकदम दिलं तर ते विहिरीच्या वाटेला लागतं.

युरिया इतका का पडतो याचं उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधणं अन्यायाचं आहे. ते बरंचसं सरकारी धोरणात आहे. एप्रिल २०१०मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली. स्फुरद आणि पालाश तिच्यात आले, त्यांच्या किमती बाजाराबरोबर चढल्या. युरिया मात्र बाहेर ठेवला गेला. आज ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि डीएपीची ५० किलोची गोणी त्याच्या कितीतरी पट महाग पडते. अशा वेळी हात युरियाकडेच जाणार. नायट्रेट तयार होण्याचा वेग मंदावावा म्हणून २०१५मध्ये सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, २०१८मध्ये ५० किलोची गोणी ४५ किलोंची झाली. दोन्ही पावलं योग्य दिशेची आहेत. पण जोवर तीन अन्नद्रव्यांच्या किमतींत इतकी तफावत आहे, तोवर लेप आणि लहान गोणी यांच्यावर फार भरवसा ठेवता येत नाही.

सगळा दोष युरियावर टाकणं मात्र चूक ठरेल. गावठाणातल्या आडाचं आणि हापशाचं पाणी शेतातल्या विहिरीपेक्षा वाईट निघतं, तेव्हा कारण बहुतेक जवळच असतं. विहिरीच्या चढाला वर्षानुवर्षं साचलेला उकिरडा, फरशी नसलेला गोठा, गटार नसल्यामुळे घरामागं मुरणारं सांडपाणी, आणि गेल्या काही वर्षांत घरोघरी झालेले शौचालयाचे खड्डे. शौचालयांनी गावांचं मोठं भलं केलं, त्याबद्दल शंका नको. पण दोन आलटून-पालटून वापरायच्या शोषखड्ड्यांऐवजी एकच खोल खड्डा खणला, तोही हापशापासून दहा-बारा पावलांवर, की नत्राला भूजलाकडे सरळ वाट मिळते. शहरांच्या कडेला वाढणाऱ्या, सांडपाण्याची नळयोजना नसलेल्या वस्त्यांत सेप्टिक टँक आणि बोअर एकाच अंगणात असतात.

खतातलं नायट्रेट कोणतं नि मैल्यातलं कोणतं, हे ओळखता येतं. मैल्याबरोबर क्लोराइडही येतं, म्हणून दोन्ही एकदम वाढलेली दिसली तर संशय सांडपाण्यावर जातो. अधिक खात्रीसाठी नायट्रेटमधल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनची समस्थानिकं मोजतात. प्रत्येक गावात ते परवडणार नाही, पण विहिरीभोवती अर्धा तास फिरून उतार कुठला आणि उकिरडा कुठे, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

४५ हा आकडा कुठून आला, त्याचा इतिहास अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सुरू होतो. १९४५मध्ये हंटर कॉमली या डॉक्टरांनी तिथल्या शेतवस्त्यांवरची बाळं निळी पडत असल्याचं नोंदवलं. या बाळांना विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध दिलं जात होतं आणि त्या विहिरींत नायट्रेट भरपूर होतं. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाला बिघडवतं, आणि मग रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या जठरात आम्ल कमी असतं आणि बिघडलेलं हिमोग्लोबिन पूर्ववत करणारं विकरही अपुरं असतं, म्हणून धोका त्याला सर्वांत जास्त. शेजारच्या मिनेसोटात १९४७ ते १९४९ या काळात असे १३९ रुग्ण आणि १४ मृत्यू नोंदले गेले. १९५१मध्ये ग्रॅहॅम वॉल्टन यांनी अमेरिकेतल्या २७८ रुग्णांची आणि ३९ मृत्यूंची माहिती एकत्र मांडली. पाण्याची माहिती उपलब्ध असलेल्यांत लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्राच्या खाली एकही रुग्ण नव्हता. १० मिलिग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. अमेरिकेची मर्यादा तीच. जागतिक आरोग्य संघटना ५० सांगते, आणि भारतीय मानक ब्युरोच्या २०१२च्या मानकात ४५ हीच मर्यादा असून तिच्यात कोणतीही सूट नाही.

या मांडणीवर पुढे आक्षेपही आले. त्या विहिरींत जंतूही असायचे, बाळांना जुलाबही असायचे. आतड्याच्या आजारात शरीर स्वतःच नायट्राइट बनवतं, मग दोष एकट्या नायट्रेटचा कसा, असं काही संशोधक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्या विहिरीत मैल्यामुळे नायट्रेट येतं तिथं जंतूही येतातच, तेव्हा आपल्या गावांसाठी दोन्ही कारणं एकत्रच नांदतात. राजस्थानातल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नायट्रेट लिटरला २६ ते ४५९ मिलिग्रॅम असलेल्या पाच भागांतल्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा बिघडलेल्या हिमोग्लोबिनचं वाढलेलं प्रमाण सर्व वयोगटांत दिसलं, आणि विशेषकरून एक वर्षाच्या आतल्या मुलांत आणि अठरा वर्षांवरच्या माणसांत. आपल्याकडे निळ्या बाळांच्या बातम्या येत नाहीत याचं एक मोठं कारण अंगावरचं दूध आहे. आईच्या पोटात गेलेलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. जिथं बाळाला वरचं दूध पाणी घालून दिलं जातं, तिथं मात्र ते पाणी कुठल्या विहिरीचं, हे आशाताईंनी विचारायलाच हवं.

अलीकडची चिंता वेगळी आहे आणि ती मोठ्यांची आहे. पोटात नायट्राइटपासून नायट्रोसो संयुगं तयार होऊ शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१०मध्ये, अशी संयुगं बनतील अशा परिस्थितीत पोटात जाणारं नायट्रेट माणसासाठी बहुधा कर्करोगकारक आहे, असं वर्गीकरण केलं. पालक आणि बीटमध्येही नायट्रेट असतं. पण भाज्यांतलं क जीवनसत्त्व ही संयुगं बनू देत नाही, पाण्याबरोबर असं संरक्षण येत नाही. डेन्मार्कमध्ये २७ लाख लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यात नायट्रेट लिटरला ३.८७ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला त्यात दिसला. हा आकडा आपल्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. एका देशाच्या अभ्यासावरून मर्यादा बदलत नाहीत, बदलूही नयेत. पण बाळं वाचवण्यासाठी ठरलेला ४५चा आकडा म्हणजे आयुष्यभर पिण्याची हमी, असं धरून चालता येणार नाही.

नायट्रेट काढून टाकता येतं, पण ते महाग आहे. आरओ आणि आयन-विनिमय या दोन पद्धती खात्रीच्या. गावोगाव आता आरओचे प्लँट आणि पाण्याचे एटीएम झाले आहेत, वीस लिटरचे जार मोटारसायकलवरून घरोघरी जातात. ज्या घरात तान्हं बाळ आहे त्या घरासाठी हा आजचा उपाय आहेच. पण आरओ जेवढं पाणी स्वच्छ करतो तेवढंच किंवा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो, काढलेलं नायट्रेट त्या सांडपाण्यात जास्त घट्ट होतं, आणि ते गटारातून पुन्हा त्याच जमिनीत मुरतं. शिवाय जार विकत घेणारा पितो, न घेणारा हापशावरच राहतो. कॉमलींच्या त्याच आयोवा राज्यात डी मॉइन शहरानं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नदीच्या पाण्यातून नायट्रेट काढण्याचा मोठा प्रकल्प उभारला. वरच्या भागातल्या शेतांतून येणाऱ्या नायट्रेटबद्दल २०१५मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेनं कोर्टात दावा लावला, तो २०१७मध्ये फेटाळला गेला, आणि जून २०२५मध्ये नायट्रेट इतकं चढलं की लोकांना हिरवळीला पाणी देण्यावर बंदी घालावी लागली.

डेन्मार्कनं दुसरी वाट धरली. तिथलं जवळजवळ सगळं पिण्याचं पाणी जमिनीखालचं. १९८७पासून एकामागून एक कृती आराखडे आले: शेणखत कधी टाकायचं, किती साठवायचं, प्रत्येक शेताचा नत्राचा हिशेब कसा ठेवायचा. शेतांतून पाझरणारं नत्र पुढच्या पंधरा-वीस वर्षांत साधारण निम्म्यावर आलं आणि भूजलातला चढता आलेख खाली वळल्याची नोंद झाली. युरोपीय समुदायानं १९९१मध्ये नायट्रेटबद्दलचा निर्देश काढला; तो नीट न पाळल्याबद्दल २०१८मध्ये युरोपीय न्यायालयानं जर्मनीविरुद्ध निकाल दिला. पण त्याच जर्मनीतल्या म्युनिक शहराचं उदाहरण आपल्यासाठी जास्त मोलाचं आहे. शहराला बहुतांश पाणी मांगफाल खोऱ्यातून मिळतं. १९९२पासून म्युनिकची पाणीपुरवठा संस्था त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी हेक्टरी पैसे देते. पाणी शुद्ध करण्यापेक्षा शेतकऱ्याला मोबदला देणं शहाणपणाचं, असा त्यांचा हिशेब.

महाराष्ट्राला यासाठी फार लांब पाहण्याची गरज नाही. १९९३च्या राज्याच्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या स्रोताभोवती ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायला बंदी घातली. स्रोताचं पाणी कोणी उपसून नेऊ नये, हा त्यामागचा विचार. २००९चा व्यापक कायदा २०१४पासून अमलात आला, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणी तपासते, जलजीवन मिशनमधून प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची योजना आहे. गावात नळ आला तरी अनेक योजनांचा स्रोत तीच विहीर आहे. मग पाण्याच्या प्रमाणासाठी कायद्यानं आखलेलं ५०० मीटरचं वर्तुळ पाण्याच्या दर्जासाठी का वापरू नये? त्या वर्तुळात साधारण १९५ एकर जमीन येते. राज्यातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं आहे, म्हणजे एका योजनेमागे पन्नास-साठ शेतकऱ्यांशी बोलायचं आहे. एवढ्यांनाच माती परीक्षणाप्रमाणे नत्र, डोस चारांत वाटून, ठिबकला जादा अनुदान, आणि उत्पन्नात घट आलीच तर भरपाई, असं देता येईल. वर्तुळातले उकिरडे उताराच्या बाजूला हलवणं आणि एकेरी खड्ड्यांना दुसरा खड्डा जोडणं रोजगार हमीच्या कामातून होऊ शकतं.

दुसऱ्या देशांत खोल भूजलापर्यंत नायट्रेट पोचायला दशकं लागतात आणि सुधारणा दिसायलाही तेवढीच. आपल्या उथळ बेसाल्टमधला साठा लहान आहे, त्याचा मोठा भाग उन्हाळ्यापर्यंत संपतो आणि पावसाळ्यात नव्यानं भरतो. जो दुबळेपणा पाणी लवकर बिघडवतो, त्याच्यामुळेच ते लवकर सुधारण्याची आशाही इथं जास्त आहे. तो बदल खरोखर येतो का, हे कळायला प्रत्येक योजनेच्या विहिरीचं मे महिन्यातलं आणि ऑक्टोबरमधलं नायट्रेट ग्रामपंचायतीच्या फलकावर, लाल-हिरव्या कार्डाशेजारी, दरवर्षी लिहिलं जायला हवं. सुरुवात यादीतल्या सात जिल्ह्यांतून करता येईल.